बखरीतले राजे आणि पत्रातले राजे



जागतिक इतिहास विभागाचे अध्यक्षपद देऊन आपण माझा गौरव केलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. प्रथेप्रमाणे वर्षभरातील संशोधनाचा आढावा घ्यायला हवा. युरोपच्या इतिहासावर मराठीत लेखन वाढते आहे, तरुण अभ्यासक मूळ साधनांकडे वळत आहेत, हे समाधानाचे आहे. आढावा एवढाच. उरलेला वेळ मी एका लहान राज्याची बाजू मांडायला घेणार आहे. ही गोष्ट अनेक वर्षे मनात साचली आहे.

ते राज्य म्हणजे इंग्लंडमधील पूर्व सॅक्सनांचे इसेक्स. टेम्सच्या उत्तरेचा हा मुलूख, आणि लंडन याच राज्यात होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याच्या वाट्याला एक ओळ येते: 825 मध्ये वेसेक्सच्या एगबर्टने ते घेतले. दोन शतकांहून अधिक काळ चाललेले राज्य त्याच्या शेवटच्या दिवसावरून ओळखले जाते, हा अन्याय आहे. एका अभ्यासक्रम समितीत मी हे बोललो, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, ‘‘या राजांवर परीक्षेत प्रश्न तरी काय काढणार?’’ इसेक्सचे प्रकरण वगळले गेले. ते उत्तर मला आजही मान्य नाही.

इसेक्सला स्वतःचा इतिवृत्तकार नव्हता. त्याची कथा आपल्याला सांगतो तो बीड, दूर उत्तरेतल्या जॅरोच्या मठात बसून. त्याचा ग्रंथ 731 मध्ये पूर्ण झाला. बीड थोर होता, आणि आपली माहिती कोणाकडून आली हे तो प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्याला सांगायचा होता चर्चचा इतिहास. त्यामुळे इसेक्सचे राजे त्याच्या पानांवर येतात ते श्रद्धेची परीक्षा द्यायला. सेबर्ट राजा वारल्यावर त्याचे मुलगे बिशप मेलिटसकडे प्रसादाचा पांढरा पाव मागतात, बाप्तिस्मा घ्यायला मात्र तयार नसतात, आणि बिशपने नकार देताच त्याला हाकलून देतात. सिगेबर्ट राजाला त्याचेच दोन नातेवाईक मारतात. तो शत्रूंना फार सहज क्षमा करतो, हा त्यांचा राग. बीड मात्र त्या मृत्यूत बिशप केडची आज्ञा मोडल्याची शिक्षाही पाहतो. 664 च्या साथीत सिगिअर जुन्या देवांकडे परततो आणि त्याचा सहराजा सेबी श्रद्धेवर ठाम राहतो. कथा उत्तम आहेत. पण राज्य कसे चालत होते, ते यांतून कळत नाही.

ते कळते कागदांतून. सेबीच्या होडिलरेड नावाच्या नातलगाने सातव्या शतकाच्या अखेरीस बार्किंगच्या मठाला जमीन दिली. त्या दानपत्रात आजच्या डॅगनमचे नाव पहिल्यांदा भेटते, आणि दक्षिणेची हद्द म्हणून टेम्स नदी येते. त्याहून मोलाचे आहे लंडनचा बिशप वाल्डहेअर याने 704 किंवा 705 मध्ये आर्चबिशप बर्टवाल्डला लिहिलेले पत्र. इंग्लंडमध्ये चर्मपत्रावर लिहिलेले आणि मूळ रूपात टिकलेले हे सर्वांत जुने पत्र. वेसेक्सचा राजा इनी आणि इसेक्सचे राज्यकर्ते यांच्यात तंटा आहे. कारण वेसेक्समधून परागंदा झालेल्यांना इसेक्सने आश्रय दिला आहे. परागंदांना घालवायचे आणि वेसेक्सने हल्ला करायचा नाही, असे ठरले आहे. आता ऑक्टोबरच्या मध्यास ब्रेंटफर्डला दोन्ही बाजू भेटणार आहेत आणि बिशपने मध्यस्थी करावी अशी त्यांची इच्छा आहे. पण चर्चच्या सभेने वेसेक्सशी संबंध ठेवायला मनाई केलेली. म्हणून तो परवानगी मागतो. कोणताही चमत्कार नाही. आहे ती सरहद्द, निर्वासित, तहाची तारीख आणि मध्यस्थाची अडचण. हे जिवंत राज्य आहे, मित्रहो.

सहराजांची पद्धत हेच इसेक्सच्या दुबळेपणाचे कारण, असे आज सकाळच्या सत्रात दोन सहकाऱ्यांनी मांडले. मला ते पटत नाही. जुन्या घराण्यांच्या कागदपत्रांचे रुमाल सोडण्यात माझे आयुष्य गेले. एका घराण्याच्या कागदांत मी एकच पाटीलकी चार भाऊबंदांत वाटलेली पाहिली: मान वाटलेला, उत्पन्न वाटलेले, भांडणे पिढ्यान्‌पिढ्या, तरीही सरकारापुढे वतन एकच, आणि ते टिकले. सेबी आणि सिगिअर यांची श्रद्धा वेगळी झाली तरी राज्य मोडले नाही. सेबीने सुमारे तीस वर्षे राज्य करून संन्यास घेतला, त्याच्यामागून मुलांनी गादी चालवली, आणि राज्य पुढे सव्वाशे वर्षे राहिले. वाटून घेतलेली सत्ता म्हणजे मोडकळीला आलेली सत्ता नव्हे.

मातीही बीडला पुरवणी जोडते. 2003 मध्ये साउथएंडजवळ प्रिटलवेल येथे लाकडी फळ्यांचे दफनगृह सापडले. त्यात सोन्याच्या पत्र्याचे दोन छोटे क्रूस, घडीचे लोखंडी आसन, वीणेसारखे वाद्य आणि रंगवलेल्या पेटीचे अवशेष होते. पुढच्या अभ्यासातून हे दफन बहुधा सहाव्या शतकाच्या अखेरचे, म्हणजे मेलिटस 604 मध्ये लंडनचा बिशप होण्याआधीचे, असे दिसते. बिशप येण्यापूर्वीच त्या दरबाराला क्रूसाची ओळख असावी.

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्याला बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान द्यायला शिकवले. मराठ्यांच्या इतिहासात तो नियम आपण डोक्यावर घेतो आणि युरोपच्या इतिहासात खुशाल विसरतो. तिथे आपण बखरीच शिकवतो, त्याही जेत्यांच्या. माझे खरे गाऱ्हाणे हेच आहे.

लहान राज्यांच्या निवडक साधनांचा मराठी संग्रह व्हावा, अशी माझी इच्छा आहे. काही तरुण मित्र तयार आहेत. रूपरेषा यथावकाश ठरेल. तोवर प्रत्येक अध्यापकाला माझी एकच विनंती आहे. वर्गात 825 ची ओळ वाचून पान उलटू नका. वाल्डहेअरचे पत्र मुलांपुढे ठेवा आणि या राज्याबद्दलचा निर्णय त्यांना करू द्या.