वीणा पडली त्या रात्री



शंभर वर्षांत आमच्या दिंडीवर काय काय गुदरलं ते सगळं सांगायचं तर हरिपाठाची वेळ टळेल. १९२७ साली बार्शी लाईटची अडीच फुटी रेल्वे मिरजेपर्यंत आली, तेव्हापासून थोरली माणसं वारी करून परतताना त्या गाडीत बसायची. २०२० ला महामारीत माउलींच्या पादुकाच एस.टी.नं पंढरीला गेल्या आणि आम्ही घरच्या उंबऱ्यात टाळ धरून बसलो. ते सगळ्यांना ठाऊक आहे. आज सांगायची ती एक रात्र.

मिरज मागं टाकून आम्ही कवठेमहांकाळच्या वाटेला लागलो होतो. तो मुलूख दुष्काळी, पाऊस म्हणजे नवलाई. त्या साली मात्र आभाळ फाटलं. ट्रकचा पाटा तुटला. शिधा, तंबू, कढया सगळं त्यात. मुक्कामाची शाळा दोन कोस पुढं. त्यात अंधारात विणेकरी अण्णांचा पाय चिखलात सरकला. अण्णांना खरचटलं तेवढंच, पण विणेच्या भोपळ्याला तडा गेला. कुणाच्या तोंडून शब्द निघेना. जी वीणा पहारा बदलतानाही भुईवर टेकत नाही, ती चिखलात. म्हातारी माणसं म्हणाली, अपशकुन झाला, माघारी फिरा.

तिथं सडकेला ख्रिस्ती मंडळींची चार घरं आणि त्यांचं लहानसं देऊळ. एक मावशी कंदील घेऊन आल्या, म्हणाल्या, "बायाबापड्यांनो, भिजताय कशापायी? देवळात या."

आता खरं ते सांगतो. आमच्यात वाद झाला. माळकरी माणसं, तिथं पाणी तरी कसं प्यायचं? काहीजण भिजतच उभे राहिले. अण्णा एवढंच म्हणाले, "पाऊस माळ बघून पडतोय व्हय रं?" आणि आत गेले. जेवणाचं मावशींनीच सोडवलं. "चूल आमची, भांडी तुमची. मग तर चालंल न्हवं?" मग पोरांनी गुडघाभर चिखलातनं ट्रकातली परात, तवे, कढई वाहून आणली. पिठलं-भाकरी व्हायला मध्यरात्र झाली.

जेवणं झाल्यावर पाळकांनी विचारलं, आम्ही भजन म्हटलं तर चालेल का? आणि त्यांनी टाळ काढले! चाल आमच्याच ओळखीची, नाव तेवढं येशूचं. रेव्हरंड टिळकांची रचना, ते म्हणाले. साताऱ्याची मंडळी इथं बसलीत, त्यांना नारायण वामन टिळक नवे नाहीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं हातात बायबल दिलं, तिथून त्यांची वाट वळली. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. पण कीर्तन सुटलं नाही, अभंग सुटला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ ला मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, आणि १९१९ ला गेले. त्यांच्या लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही काळ आपल्या पंढरपुरातच राहिल्या. 'स्मृतिचित्रे' मिळालं तर वाचा, हसाल आणि रडालही.

भिजत उभी राहिलेली मंडळी तोवर एकेक करून आत आली होती. कुणी काही बोललं नाही.

पहाटे पाळकांच्या मुलानं मोटारसायकल काढली. आमचा एक पोरगा मागं वीणा उराशी धरून बसला, खाली टेकवायची नाही म्हणून. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्लीच आहे, पिढ्यानपिढ्यांची मुसलमान कारागिरांची घरं. एकानं दुकान उघडायच्या आधी घरातच भोपळा सांधून दिला. ऊन वर यायच्या आत वीणा अण्णांच्या गळ्यात होती. पाटा बसायला मात्र दुपार झाली, ती गोष्ट वेगळी.

तीच वीणा आजही पुढं चालते. सांधा हाताला लागतो, सूरही जरा बसका येतो. नवी घ्यावी असा ठराव बैठकीत तीनदा आला, तिन्ही वेळा मोडला. मावशी आता थकल्यात. पण दिंडी त्या वळणावर आली की त्या चूल पेटवून बसलेल्या असतात, आणि आमची पोरं न सांगता ट्रकातली परात उतरवतात.