समुद्र बघायला गेलो, गटाचं काम शिकून आलो

बायांनो, मी येरमाळ्यातून बोलतेय.

उन्हाळ्यात हंडा हंडा पाणी मोजून वापरणाऱ्या आपण. आमच्या गटानं तारकर्लीला जायचं ठरवलं तेव्हा घरचे म्हणाले, "बायांचं तिथं काय काम?" पण २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. दर बैठकीला थोडे पैसे बाजूला टाकले आणि दिवाळीनंतर निघालो.

मालवणपासून तारकर्ली जवळच. शांत गाव, लांबच लांब वाळू. पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथं बोटीला पॅराशूट बांधून माणसाला वाऱ्यावर उडवतात. आमच्यातली एकच उडाली, तीही साठीची! बाकीच्या लुगडी सावरत गुडघाभर पाण्यात उभ्या.

खरा धडा मिळाला वेंगुर्ल्यात. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. ती किनाऱ्याची माती धरून ठेवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. हे सगळं या बायाच पाहुण्यांना समजावून सांगतात. आधी शिकल्या, मग वल्हं हाती घेतलं.

परतताना मनात एकच विचार. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला लाखो माणसं आपल्या दारात येतात. त्यांना स्वच्छ पाणी, गरम भाकरी, बायांना मुक्कामाला खोली आपला गट का देऊ नये? पुढच्या बैठकीत हाच विषय घेतलाय.

तुम्ही जाणार असाल तर लाईफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, तेव्हा दिवस बघून निघा. येते मग.