भाड्याचे, पण हक्काचे घर

(जवळा बाजार, ता. औंढा नागनाथ येथे पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



जवळा बाजार हे नावातच बाजार असलेले गाव आहे. परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील हळद, सोयाबीन, कापूस जसा येथे येतो तशी माणसेही येतात. मालाची व्यवस्था आपण चांगली लावली आहे. त्याला वजनकाटा आहे, ओटा आहे, गोदाम आहे. माणसांच्या व्यवस्थेविषयी मात्र आपण फारसा विचार केलेला नाही. दिवसभर पोती वाहणारा हमाल, दुकानातील नोकर, आरोग्य केंद्रातील परिचारिका, बँकेतील लिपिक, बदली होऊन आलेला शिक्षक, बारावीसाठी आलेला खेड्यातील विद्यार्थी हे सर्व रात्री कोठे निजतात, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

या प्रश्नाला बाजाराच्या गावांत साधारणपणे तीन उत्तरे मिळतात. कोणी वाड्यातील एखादी खोली भाड्याने घेतो, कोणी गायरानावर पत्र्याचे खोपट उभारतो, तर कोणी रोज चाळीस-पन्नास किलोमीटर ये-जा करतो. चौथे उत्तर आपण सर्वांनी गृहीत धरलेले आहे. ते म्हणजे, ऐपत आली की माणूस स्वतःचे घर बांधील. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण कौतुकाने उच्चारतो. परंतु ती मुळात इशारा आहे, हे विसरतो.

माझ्या वडिलांनी घर बांधून पाहिले. ते प्राथमिक शिक्षक होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्यापूर्वीच्या अखंड परभणी जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी आम्ही दोन खणांच्या खोलीत राहत होतो. घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरले की आम्ही खोली सोडावयाची, हे ठरलेलेच होते. सहा वर्षांत आम्ही चार बिऱ्हाडे केली. पावती कधी मिळाली नाही. मागण्याची पद्धतही नव्हती. अखेर वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून शहराच्या कडेला एक भूखंड घेतला. तो अकृषिक नव्हता, हे बांधकाम अर्धे झाल्यावर कळले. २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला, तेव्हा कोठे त्या घराला कागदोपत्री अस्तित्व मिळण्याची वाट खुली झाली. कर्ज फिटेपर्यंत वडील निवृत्त झाले होते. घर झाले, ते चांगलेही आहे. मात्र त्या घरासाठी त्यांनी काय काय सोडले त्याची यादी आईने कधी आम्हाला सांगितली नाही, आणि आम्ही विचारली नाही.

या अनुभवामुळेच 'सामाजिक गृहनिर्माण' या शब्दाकडे मी आस्थेने पाहू लागलो. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. शासनाने, नगरपालिकेने, पंचायतीने किंवा नफा न घेणाऱ्या संस्थेने घर बांधावयाचे, त्याची मालकी स्वतःकडेच ठेवावयाची आणि ज्याला निवाऱ्याची गरज आहे त्याला ते माफक भाड्याने द्यावयाचे. ज्याप्रमाणे आपण एस. टी.ची गाडी विकत न घेता तिकीट काढून प्रवास करतो, त्याप्रमाणे घर विकत न घेता भाडे देऊन निर्धास्त राहावयाचे. सरकारी नोकरांच्या बाबतीत आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णा प्रकल्पाच्या धरणांचा परिसर आपल्या परिचयाचा आहे. अशा प्रकल्पांच्या जागी कर्मचाऱ्यांसाठी वसाहती बांधाव्या लागतात. त्यांना आपण 'क्वार्टर' म्हणतो. क्वार्टर म्हणजे भाड्याचे सार्वजनिक घरच होय.

महाराष्ट्राला ही कल्पना नवीन नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने कामकरी वर्गासाठी भाड्याच्या चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्ट चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होताना याच विद्वानाला त्या शहरात जातीमुळे राहावयास जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. खासगी घरमालक आडनाव विचारू शकतो आणि आजही विचारतो. आपल्यापैकी काहींनी ते ऐकलेले असेल, काहींनी विचारलेही असेल. सार्वजनिक घराला मात्र अर्ज आणि गरज यांखेरीज काही विचारण्याचा अधिकार नसतो.

ट्रस्टनंतर, गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० साली विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चार मजली २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्याच 'बी. डी. डी. चाळी' होत. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. या योजनेसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला होता, ही गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगितली पाहिजे. गोदावरी खोऱ्यातील रेल्वे तोवर परभणीवरून मनमाडला जोडली गेली होती. तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराच्या डोक्यावरील छपराला कापूस पिकविणाऱ्या मुलखांचाही हातभार लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही योजना मात्र निर्दोष नव्हती. ठरविली होती त्यापेक्षा पुष्कळच कमी घरे झाली. आरंभी भाडे मजुरांना परवडेना, म्हणून कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या काही चाळींचा तुरुंग करण्यात आला. पुढे उलटी अडचण उद्भवली. भाडी नाममात्र राहिली आणि डागडुजीचा खर्च त्यांतून भागेना. खासगी चाळींचेही तेच झाले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण इमारत निराधार झाली. १९९९ च्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली, तोवर अनेक भिंतींना टेकू लागलेले होते. भाडे फार चढे असले तर घर गरिबाचे राहत नाही आणि फार थोडे असले तर घरच राहत नाही, हा त्या शंभर वर्षांचा हिशेब आहे.

बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास आता म्हाडाकडे आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतील भाडेकरूला ५०० चौरस फुटांची सदनिका मालकी हक्काने मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. तीन पिढ्या तेथे काढलेल्या कुटुंबांचा हा आनंद खराच आहे, आणि त्यावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्याबरोबर भाड्याची सार्वजनिक घरे तितकीच घटली, याचीही नोंद ठेवावयास हवी. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये खास भाड्याच्या घरांची योजना काढली होती. तीही पुढे विक्रीच्या परवडणाऱ्या घरांकडे वळली. ब्रिटनने १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना नगरपालिकांची घरे सवलतीने विकत घेण्याचा हक्क दिला आणि सुमारे २० लाख घरे विकली गेली. ज्याला मिळाले तो मालक झाला; त्याच्यामागून येणाऱ्यासाठी रांग उरली.

व्हिएन्ना शहराने घरे विकली नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर तेथील नगरपालिकेने श्रीमंतांवर अधिक भार पडेल असा गृहकर बसविला आणि १९२३ ते १९३४ या काळात ६० हजारांहून अधिक घरे बांधली. आज सुमारे २ लाख २० हजार सदनिका नगरपालिकेच्या मालकीच्या आहेत. त्यांच्या जोडीला मर्यादित नफ्याच्या संस्था आहेत. त्या जमीन, कर्ज आणि देखभाल यांचा जेवढा खर्च येतो तेवढेच भाडे आकारतात. शहरातील जवळजवळ निम्मे लोक अशा घरांत राहतात, त्यांत शिक्षक आणि अधिकारीही असतात. केवळ अगदी गरिबांची वस्ती असे तिचे स्वरूप नसल्यामुळे नळ बिघडला तर तक्रार करणारा आवाजही तेथे दुर्बळ नसतो.

एवढ्या दूरचे उदाहरण जवळा बाजारला काय उपयोगाचे, असे आपण म्हणाल. म्हणून आकडेमोड इथलीच करू. समजा, पंचायतीने न्हाणीघर-शौचालयासह १० खोल्या बांधल्या आणि एका खोलीला ६ लाख रुपये लागले. एकूण ६० लाख. भाडे महिना २ हजार धरू आणि वर्षातून एक महिना खोली रिकामी राहील असेही धरू. वर्षाचे उत्पन्न २ लाख २० हजार होते. ६० लाख कर्जाने आणले तर ८ टक्के दराने नुसते व्याजच ४ लाख ८० हजार. म्हणजे कर्ज काढून हे होणार नाही. ज्याने तसे सुचविले असेल त्याने हिशेब केलेला नाही. पण भांडवल शाळेच्या खोल्यांप्रमाणे शासकीय अनुदानातून आले, तर चित्र पालटते. देखभालीस दीड टक्का म्हणजे ९० हजार, पाणी-वीज-वसुलीस ४० हजार, आणि तरीही ९० हजार रुपये दरवर्षी मोठ्या दुरुस्तीच्या निधीत राहतात. वीस वर्षांत, व्याज सोडून, १८ लाख. भांडवल शासनाचे आणि देखभाल भाड्यातून, अशी ही वाटणी आहे. तो निधी वेगळ्या खात्यात राहिला पाहिजे. दिवाबत्तीच्या खर्चात मिसळला की संपला.

सध्याच्या योजनांची दिशा वेगळी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मूळ साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे घर. जागा नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीस १ लाख रुपयांपर्यंत मदत. रमाई आणि शबरी या योजनाही आहेत. या योजनांनी लाखो कुटुंबांना छप्पर दिले आहे, यात शंका नाही. पण या सर्वांत घर स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या गावी आणि कायमचे, असेच गृहीत आहे. ज्याला येथे तीन वर्षेच राहावयाचे आहे, जी नवऱ्याचे घर सोडून माहेरच्या गावी परतली आहे आणि भावाच्या ओसरीत निजते, ज्याचे शेत सोनपेठकडे आणि मजुरी इकडे आहे, त्यांच्यासाठी काय? २०२० च्या टाळेबंदीनंतर केंद्र शासनाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना काढली, ती शहरांपुरती आहे.

शिक्षक बंधूंनो, मुख्यालयी राहण्याचा विषय काढला की सभागृहात खुर्च्या सरकतात, हे मला ठाऊक आहे. शिक्षकाने गावी राहावे, त्याचा ग्रामसभेने ठराव द्यावा, तेव्हा घरभाडे भत्ता मिळावा, हा नियम योग्य असेल. परंतु राहण्याजोगी खोलीच गावात नसेल तर तो ठराव खरा कसा होणार? खोटा ठराव लिहिणारा, त्यावर सही करणारा आणि तो तपासणारा या तिघांनाही सत्य ठाऊक असते. पंचायतीच्या दोन खोल्या हा पेच जितका सोडवतील तितका कारणे दाखवा नोटिशींचा गठ्ठा सोडवणार नाही.

जागेची अडचण आहे. गायरानावर हात घालता येणार नाही. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तर नाहीच. मात्र मोडकळीस आलेली जुनी निवासस्थाने किंवा गावठाणातील पडीक सार्वजनिक जागा यांचा शोध घेता येईल. मालमत्ता भाड्याने देण्याची कार्यपद्धती पंचायतींना नवी नाही, कारण ठिकठिकाणच्या पंचायती व्यापारी गाळे बांधून भाड्याने देतातच. गाळ्यांचे दुखणेही सर्वांना माहीत आहे: थकबाकी, पोटभाडेकरू, आणि निवडणूक जवळ आली की वसुलीला येणारी गोगलगाईची गती. खोल्यांच्या बाबतीत हे टाळावयाचे तर वाटप लिलावाने नव्हे, ग्रामसभेपुढे वाचलेल्या यादीप्रमाणे व्हावे, मुदत लेखी असावी, पावती दर महिन्याला मिळावी, आणि भाड्याची वाढ आरंभीच करारात लिहिलेली असावी. एवढे करूनही एखादा सदस्य आपल्या पाहुण्यासाठी शब्द टाकणार नाही, अशी हमी मी देत नाही.

खोल्या बांधण्याचा ठराव आज करा, असे मी म्हणणार नाही. किती लागतील हेच आपल्याला माहीत नाही. पंचायतीच्या नमुना आठमध्ये मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा एक रकाना असतो. शिक्षकांनी जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत घरोघर फिरून आजवर इतक्या याद्या केल्या आहेत. येत्या ग्रामसभेपूर्वी ही एक यादी पंचायतीबरोबर करावी. मालक आणि राहणारा वेगळा आहे अशी घरे किती, भाडे किती, पावती मिळते का, गेल्या तीन वर्षांत बिऱ्हाड किती वेळा हलले, एवढे चारच प्रश्न. ती यादी हाती आली की मी पुन्हा येईन. तोवर आपल्या शंका असतील तर आता विचाराव्यात.