पहिली बंदूक कोणती?
(परभणीतलं भाषण)

मघाशी एकानं विचारलं, घराच्या राखणीला पहिली बंदूक कोणती घ्यावी? हसू नका. 27 जुलै 1978ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात, या परभणी जिल्ह्यातही, आपल्या वस्त्या पेटवल्या. लेकरं काखोटीला मारून रान गाठणाऱ्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला असणार.

तर ऐका. परवाना जिल्हाधिकारी देतो. वय 21 पुरं पाहिजे. 1959चा शस्त्र कायदा संरक्षणासाठी वीस इंच किंवा जास्त लांब, गुळगुळीत नळीची बंदूक सांगतो. म्हणजे बारा बोअरची. पिस्तुलाचा डौल सिनेमात ठीक. आपल्या भिंती कुडाच्या न् पत्र्याच्या. गोळी आरपार जाऊन शेजारच्या पोराला लागायची. छर्राही जातो. बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळी.

खरी गोम पुढंच. अत्याचार प्रतिबंधाच्या 1995च्या नियमांतला नियम 3 वाचा. अत्याचाराची भीती असलेल्या भागात सरकारनं गरज वाटल्यास दलित-आदिवासी नसलेल्यांचे परवाने रद्द करून शस्त्रं शस्त्रागारात जमा करायची, आणि गरज वाटल्यास आपल्याला परवाने द्यायचे. गरज वाटणार कुणाला? साहेबाला!

म्हणून पहिला अर्ज आपल्या बंदुकीचा नको. पाटलाच्या माडीवरची जमा करा, हा पहिला अर्ज. पोच घ्या, शिक्का घ्या. शंभरांच्या जमावापुढं दोन काडतुसांची दुनळी किती वेळ पुरणार? मग आपला अर्ज, नियम 3चा हवाला देऊन. नाकारला तर कारण लेखी मागा, अन् अपील ठोका.