नोंदवहीतील रिकामा रकाना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या बालकाश्रमाची हकिकत आपणांपुढे मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. आश्रमास देणगी देण्याचा ठराव आज आपल्यापुढे यावयाचा आहे. या रकमेचा विनियोग केवळ ज्ञातीतील निराधार मुलांसाठी व्हावा, अशी अट त्यास जोडलेली आहे. अट सुचविणारांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि त्या अटीसंबंधानेच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आमच्याकडे येणारे मूल कोणाच्या शिफारसपत्राने येत नाही. ते रेल्वेच्या फलाटावर सापडते, किंवा घरातील मारहाण पाहून एखादा शेजारी १०९८ या क्रमांकावर कळवितो. सापडलेल्या मुलास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे समितीच्या आदेशानेच ते नोंदणीकृत संस्थेत राहू शकते. त्या आदेशात मुलाच्या गरजेचा विचार असतो; ज्ञातीचा नसतो.

काही वर्षांपूर्वी सहाएक वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. पाठीवर वळ होते. नाव सांगितले, गाव विचारता "गाडी" एवढेच म्हणाला. आमच्या जुन्या नोंदवहीत जातीचा रकाना होता, तो रिकामाच राहिला. रोज रात्री तो अर्धी भाकरी उशीखाली लपवीत असे. अंथरुणास मुंग्या लागल्या, तेव्हा आमच्या स्वयंपाकीणबाईंनी त्यास न रागावता झाकणाचा एक डबा दिला आणि म्हटले, "यात ठेव बाळ, मुंग्या लागायच्या नाहीत." दोनेक महिन्यांनी डबा आपोआप रिकामा राहू लागला. उद्याही जेवण मिळेल, हा विश्वास त्याला बसला होता. सज्जनहो, आपली अट पाळावयाची, तर त्या रात्री तो डबा कोणाच्या पैशाने द्यावा, हे मला ठरविता आले नसते.

हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींपुढेही होता. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, ते प्रामुख्याने ब्राह्मण विधवांसाठी. आणि १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. १८७५ साली पंढरपुरात तशाच गृहाचा पाया घालणारे लालशंकर उमियाशंकर हे तर गुजराती गृहस्थ. ही मुले आपल्या ज्ञातीची नाहीत, म्हणून यांपैकी कोणी मागे सरले नाही. महाराष्ट्र शासनानेही २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. कारण ज्यास आपली जात सिद्ध करता येत नाही, त्यास इतर कोणत्याच सवलतीचे दार उघडत नव्हते.

आता पैसा कशास हवा, तेही स्पष्ट सांगतो. खोलीवर नावाची शिला बसत असेल, तर दाते मिळतात. वाढदिवसास जिलेबी वाटणारेही मिळतात; मुलांची छायाचित्रे काढू दिली नाहीत, म्हणून काही रागावतात, परंतु अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. रात्रपाळीच्या काळजीवाहक बाईंच्या पगारास मात्र दाता मिळत नाही. पगार अपुरा म्हणून बाई बदलते, आणि दर वेळी एखादे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. मारहाण सोसलेल्या मुलास भिंतींपेक्षा रोज तेच माणूस दिसणे अधिक आवश्यक असते. आमच्या आरंभीच्या वर्षांत हे आम्हांस उमगले नाही, याची मी कबुली देतो.

म्हणून माझी नम्र विनंती अशी, की ठरावातील अट वगळावी आणि रक्कम दोन रात्रसेविकांच्या वेतनासाठी नेमून द्यावी. तसेच वर्षातून चार वेळा, आगाऊ न कळविता, मंडळाच्या भगिनींनी आमचे हिशेब आणि स्वयंपाकघर पाहावे. तपासणीस भिणारी संस्था मुलांच्या हाती सोपविण्याजोगी नव्हे. या विनंतीने कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. परंतु नोंदवहीतील तो रकाना रिकामा असतानाही मुलास जागा मिळावी, एवढे आपण आज ठरवावे.