डिझेल मोटारीसाठीं तेलाची निवड

घरींच मोटारीचें तेल बदलूं पाहणारा गृहस्थ दुकानांत प्रथम किंमत विचारतो. वस्तुतः त्यानें आधीं मोटारीबरोबर मिळालेलें माहितीपुस्तक उघडावें. डब्यावरील '५डब्ल्यू-३०' ह्या खुणेंतील पहिला आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. दुसरा आंकडा तापलेल्या इंजिनांतील दाटपणा दर्शवितो. परंतु एवढी खूण जुळली म्हणजे तेल जुळलें असें नव्हे.

डिझेलच्या ज्वलनांत काजळी उत्पन्न होते. तेलांतील द्रव्यें ती धरून ठेवितात. म्हणून नवें तेल लवकर काळें पडलें तरी तें बिघडलें असें समजूं नये. १ एप्रिल २०२० पासून भारतांत बी. एस. ६ नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारा फिल्टर आला. त्यांतील काजळी वेळोवेळीं जळून जाते. तेलांतील धातुयुक्त द्रव्यांची राख मात्र जळत नाहीं, ती तेथेंच सांचते. अशा मोटारीस 'सी २', 'सी ३' ह्यांसारख्या अल्पराख वर्गांपैकीं पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. डब्यामागें वांचविलेले रुपये हा फिल्टर बदलतांना अनेक पटींनीं द्यावे लागतात.

तेलाबरोबर ऑइल फिल्टरही बदलावा. पातळी डिपस्टिकवरील वरच्या खुणेपलीकडे जाऊं देऊं नये. निघालेलें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून पुनर्वापरासाठीं द्यावें. शेवटीं तेलाचा वर्ग व किलोमीटरचा आंकडा वहींत टिपून ठेवावा, म्हणजे पुढील खेपेस निवड सोपी होते.