माप शरीराचं, मोकळीक जगण्याची



घराची आणि शहराची उपयुक्त रचना हा या अधिवेशनाचा विषय आहे. दिवसभरात साहित्य आणि तंत्रज्ञान यांवर पुष्कळ बोललं जाईल. मला त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे : रचना उपयुक्त आहे हे ठरवतं कोण?

फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर आपण सगळेच अभ्यासात शिकलो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भीषण टंचाई होती. एर्न्स्ट माय यांच्या नेतृत्वाखाली फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी हजारो घरं बांधायला घेतली आणि १९२६ साली त्यांच्या स्वयंपाकघराची रचना मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंनी केली. जागा जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्यांनी हातात घड्याळ धरून प्रत्येक कामाला लागणारा वेळ आणि पावलं मोजली. साखर, तांदूळ, डाळी यांसाठी नावं लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण केले. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण ओकच्या लाकडाचा. खिडकीपाशी बसून भाजी चिरता यावी म्हणून उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल, आणि चिरताना सालं सरकवायला ओट्यातच एक खण. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. विशेष म्हणजे, त्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. गृहीत न धरता त्यांनी मोजलं, आणि हेच मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं.

पण त्या घरांत राहायला आलेल्या माणसांच्या तक्रारी होत्या. स्वयंपाकघरात टेबल टाकून जेवायची त्यांची सवय होती, ती मोडली. दुसरं माणूस हाताशी उभं राहू शकत नव्हतं. एकटीने करायचं काम अगदी नेमकं बसवलं होतं, पण ते एकटीनेच करायचं हेही त्याच भिंतींनी ठरवून टाकलं.

आता आपल्या ओट्याकडे या. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येतं. आपण ओटा ८५ सेंटिमीटरवर बांधतो आणि माप बरोबर आहे म्हणतो. पोळी लाटायला ते बरोबर आहेही. पण त्यावर १० सेंटिमीटर उंचीची शेगडी येते, शेगडीवर कढई येते, आणि परतताना बाईंचा हात कोपराच्या वर उचललेला राहतो. वर्षानुवर्षं. खांदा धरतो, मान आखडते, आणि आपण म्हणतो वय झालं. सिंकचं नेमकं उलट : त्याचा तळ ओट्याच्या खाली जातो, म्हणून भांडी घासताना कंबर वाकते. शेगडीची जागा चार इंच खाली घ्यावी, सिंक थोडं वर उचलावं, हे कळायला संशोधन नको. तरी ओटा सलग एकाच पातळीत होतो, कारण ग्रॅनाइटची लादी तशी टाकायला सोपी जाते. घर बांधणाऱ्याचे दोन तास वाचतात आणि त्याची किंमत घरातली बाई वीस वर्षं देते.

आणि ओट्यापलीकडची ड्राय बाल्कनी? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली सगळ्यात जास्त राबणारी जागा तीच, आणि आपल्या नकाशात सर्वांत घाईत आखलेलीही तीच. तीन फूट रुंदीत वॉशिंग मशिन, मोरी, वर कपड्यांच्या दोऱ्या. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी तिथे बसल्या की मशिनचं दार उघडत नाही. नळ इतका वर की पाणी अंगावर उडतं, आणि उतार चुकला की ते पायाशीच साचतं. दिवसाला पाच-सहा घरांच्या मोऱ्या वापरणाऱ्या या बायकांएवढं आपल्या कामाचं परीक्षण दुसरं कोणी केलेलं नसतं. त्यांना कुणी काही विचारत नाही, याची मला खरोखर लाज वाटते.

नुसतं माप मात्र पुरं पडत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. जेमतेम १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. त्या जगण्याचं कौतुक मी करणार नाही. रात्री-अपरात्री सामायिक संडासाकडे जाणाऱ्या बाईला विचारा. आता तिथल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, आणि ती त्यांच्या हक्काची आहेत. पण चाळीत दाराबाहेरची जागा केवळ ये-जा करण्यापुरती नव्हती. तिथे मुलं अभ्यास करत, म्हातारी माणसं बसत, आणि एखादीचं दार सकाळी उघडलं नाही तर शेजारणीच्या लक्षात येई. नव्या इमारतीत त्या जागी लिफ्टसमोरचा बंदिस्त चौक येतो. तिथे उजेड, वारा आणि एक बाक द्यायला मजल्यामागे किती खर्च येतो, याचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मात्र सिडकोसाठी १९८० च्या दशकात बेलापूरला वसाहत उभी केली. साधारण आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती सात घरं. दोन घरांत भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जेव्हा वाढवायचं त्याने वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी नको. आज तिथली बरीच मूळ घरं ओळखू येत नाहीत. मजले चढले, काही पाडून नवी झाली. आपल्यातले अनेक जण त्याबद्दल हळहळतात. दाटीने काही ठिकाणी वारा अडला, हे खरं आहे. पण माझ्या मते ती रचना यशस्वी झाली. पुढच्या पिढीला काय लागेल हे आपल्याला ठाऊक नाही, असं मानून तो नकाशा काढला होता.

एकाच्या सोयीची किंमत दुसऱ्याने द्यायची, ही ओट्यापाशी दिसलेली गोष्ट रस्त्यावर फुटपाथच्या रूपाने दिसते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात दर सोसायटीच्या फाटकापाशी फुटपाथ तोडलेला असतो. गाडीला चढ लागू नये म्हणून सत्तरीच्या आजीने दर वीस पावलांवर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. फुटपाथ सलग ठेवून गाडीलाच चढायला लावता येतं. त्याला जास्तीचं सिमेंटही फारसं लागत नाही.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव मांडते आहे. घराचा ताबा दिल्यानंतर वर्षभराने वास्तुरचनाकाराने त्या घरात परत जावं. मालकांखेरीज तिथे राबणाऱ्या प्रत्येकाशी बोलावं : स्वयंपाक करणाऱ्या बाई, मोरीत बसणाऱ्या मावशी, जिना झाडणारा माणूस. ओटा, नळ, उतार, पायरी यांची मापं पुन्हा घ्यावीत, आणि जे सापडेल ते पुढच्या अधिवेशनात सगळ्यांसमोर ठेवावं. या भेटीचा खर्च मूळ करारातच धरलेला असावा. दुपारच्या सत्रात ठराव चर्चेला येईल. बांधकाम व्यावसायिकांपैकी कोणी अनुमोदन दिलं, तर मला विशेष आनंद होईल.